लगाम कुणाच्या हातात होता?

पुण्यात आगाखान पॅलेसला गेलेला माणूस बहुधा मागच्या बागेतल्या दोन समाध्यांपाशी थांबतो. एक कस्तुरबांची, दुसरी महादेवभाई देसाईंची. महादेवभाई गेले १५ ऑगस्ट १९४२ ला. अटक होऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. वय पन्नास. पंचवीस वर्षं त्यांनी गांधीजींचे शब्द टिपून ठेवले होते, त्यांची पत्रं लिहिली होती. कुठलं वाक्य कधी, कुणापुढे आणि कशाच्या ओघात आलं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी सरकारनं गांधीजींचीच वाक्यं वेचून त्यांच्यावर आरोपांची पुस्तिका काढली. तिला उत्तर द्यायचं तर हाच माणूस शेजारी हवा होता. तेव्हा त्याच आवारात त्याची समाधी होती.

ही पुस्तिका आणि तिला गांधीजींनी स्थानबद्धतेतून दिलेलं उत्तर आपल्याकडे फारसं कुणी वाचत नाही. शाळेत आपण ‘करेंगे या मरेंगे’ शिकतो, ‘छोडो भारत’ शिकतो आणि एका उडीत १९४७ ला पोचतो. मधली दोन वर्षं आगाखान पॅलेसमध्ये जो लेखी वाद चालला, तो कुठल्याच धड्यात नसतो. याचं मला खरंच वाईट वाटतं. सरकारनं एखाद्या माणसाला कोंडून ठेवावं, त्याच्यावर खटला भरू नये आणि तरीही जगापुढे त्याला दोषी ठरवावं, हे योग्य आहे का, हा प्रश्न आपल्या इतिहासात इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी विचारला असेल.

आधी घटना पाहू. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर अखिल भारतीय काँग्रेस समितीनं ठराव केला. त्याच सभेत गांधीजींनी सांगितलं की प्रत्यक्ष लढा या क्षणी सुरू होत नाही. मी आधी व्हाइसरॉयना भेटेन, मागणी त्यांच्यापुढे ठेवेन, त्यात दोन-तीन आठवडे जातील. ९ तारखेला उजाडायच्या आत पोलीस दारात आले. गांधीजी पुण्याला, कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात. शिवाजी पार्कवर त्या संध्याकाळी गांधीजी बोलणार होते; त्यांच्या जागी कस्तुरबा बोलायला निघाल्या तर त्यांनाही पकडलं. मग देश पेटला. तारा तुटल्या, रूळ उखडले, गोळीबार झाले. सरकारचे स्वतःचे आकडे सांगतात की २०८ पोलीस चौक्या, ३३२ रेल्वे स्थानकं आणि ९४५ टपाल कचेऱ्या उद्ध्वस्त झाल्या किंवा त्यांची मोठी नासधूस झाली. १९४३ अखेरपर्यंत ९१ हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. पोलिसांच्या आणि लष्कराच्या गोळीबारात मेलेल्यांचा सरकारी आकडाच हजाराच्या वर आहे.

या सगळ्याला जबाबदार कोण? सरकारनं उत्तर छापून टाकलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये गृहखात्यानं ‘१९४२-४३ च्या दंगलींबाबत काँग्रेसची जबाबदारी’ अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका काढली. प्रस्तावनेखाली सही होती अतिरिक्त सचिव रिचर्ड टॉटनहॅम यांची. वेळ कोणती निवडली, ते बघा. १० फेब्रुवारीपासून गांधीजींचं एकवीस दिवसांचं उपोषण चालू होतं, ते जगतात की जातात अशी अवस्था होती. व्हाइसरॉयच्या मंडळातून होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि आपले बापूजी अणे हे तिघे राजीनामे देऊन बाहेर पडले होते. त्याच दिवसांत ही पुस्तिका देशात आणि देशाबाहेर पोचवली गेली. ज्याच्यावर आरोप होते त्यालाच मात्र ती दिली नव्हती. उपोषण सुटल्यावर, ५ मार्चला, गांधीजींनी पत्र लिहून ती मागितली. हातात पडली एप्रिलच्या मध्याला.

१५ जुलै १९४३ ला त्यांनी उत्तर धाडलं. ते वाचताना पहिल्यांदा जरा कंटाळा येतो, हे कबूल करायला हवं. त्यात वक्तृत्व नाही. परिच्छेद क्रमांक घालून, आरोपामागून आरोप घेत, मूळ लेख परिशिष्टात जोडत सत्तरी ओलांडलेला एक माणूस एखाद्या तालुका कोर्टातल्या जुन्या वकिलासारखा कैफियत मांडत जातो. तुम्ही माझं हे वाक्य दिलंत, त्याच्या पुढचं का सोडलंत? ‘उघड बंड’ हे शब्द घेतलेत, त्याच्यामागे जागोजाग असलेली अहिंसा कुठे गेली? इंग्रजांनी जावं म्हणजे एकेका इंग्रजानं बोचकं बांधून बोटीत बसावं असं मी कधी म्हटलं? जपान्यांना मदत करायची होती तर दोस्तांच्या फौजा हिंदुस्थानात राहायला मी मान्यता का दिली? ओरिसाच्या किनाऱ्यावर जपानी उतरले तर काय करायचं, असं मीराबेननं विचारलं तेव्हा मी तिला लिहून पाठवलेलं उत्तर बघा. शेवटी मागणी एकच: माझं म्हणणं पटत नसेल तर हे सगळं एखाद्या निःपक्षपाती न्यायमंडळापुढे ठेवा.

या मागणीपाशी मला थोडं मागे जायचं आहे, कारण मराठी वाचकाला ही वाट ओळखीची आहे. १८९७ ला टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, १९०८ ला पुन्हा झाला. दुसऱ्या खटल्यात टिळक स्वतः उभे राहिले आणि एकूण एकवीस तासांवर बोलले. ज्युरीतले सात युरोपीय विरुद्ध गेले, दोन हिंदी सदस्य बाजूनं राहिले आणि मंडाले ठरलं. तो न्याय नव्हता. पण त्या अन्यायातही एक गोष्ट होती: आरोपीला तोंड होतं. तो जे बोलला ते टिपलं गेलं, छापलं गेलं, घराघरांत वाचलं गेलं. न्यायासनाच्याही वर एक शक्ती आहे, असं ते ज्या सभागृहात म्हणाले, तिथे आज मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचे ते शब्द लावून ठेवले आहेत. १९२२ ला अहमदाबादेत गांधीजींवर खटला झाला तेव्हाही तेच घडलं. शिक्षा सुनावताना न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला दिला आणि गांधीजींनाही सहा वर्षं दिली. बोलू मात्र पूर्ण दिलं.

म्हणजे सरकारला दोनदा अनुभव आला होता की कोर्टात उभा केलेला कैदी कोर्टाचंच व्यासपीठ करतो. १९४२ ला त्यांनी कोर्टाचं नावच काढलं नाही. आरोपपत्र सरकारच्या छापखान्यातून निघालं, निकालही त्यातच होता, आणि आरोपीचं निवेदन फाइलला लागलं.

सरकारच्या बाजूनंही काही म्हणण्यासारखं आहे, आणि ते टाळून पुढे जाणं बरं नाही. युद्ध चालू होतं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं होतं, एप्रिलमध्ये विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बाँब पडले होते. पूर्वेकडे जाणारी रेल्वे हीच फौजेची शीर होती आणि नेमकी बिहारमध्ये तीच तुटत होती. ३१ ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी पंतप्रधान चर्चिलना तार केली की १८५७ नंतरचा हा सगळ्यात गंभीर उठाव आहे आणि लष्करी सुरक्षिततेसाठी त्याची व्याप्ती आपण आतापर्यंत जगापासून लपवली आहे. अशा वेळी कुठलंही सरकार घाबरेल, लोकांना आत टाकेल. तेवढं मी समजू शकतो.

पण घाबरून कोंडणं वेगळं आणि कोंडून बदनाम करणं वेगळं. सुरक्षेसाठी माणूस आत ठेवायचा तर ठेवा आणि गप्प बसा. ज्या क्षणी तुम्ही जाहीरपणे म्हणता की या रक्तपाताचा कर्ता हा आहे, त्या क्षणी तुम्ही फिर्यादी होता, आणि फिर्यादीला समोरच्याचं ऐकावं लागतं. गांधीजींनी ३१ डिसेंबर १९४२ च्या पत्रात व्हाइसरॉयना लिहिलं होतं की माझी चूक मला पटवून द्या, मी तिची पुरेपूर भरपाई करेन. चूक पटवायला पुरावा समोर ठेवावा लागतो आणि उलटतपासणी सोसावी लागते. ते सरकारला नको होतं.

आता मुख्य मुद्दा. सरकारचा आरोप सोप्या शब्दांत असा होता: तुम्ही चिथावलंत म्हणून लोक पेटले. याच्यावर गांधीभक्तांचं नेहमीचं उत्तर असतं की ते तर अहिंसावादी होते. हे उत्तर मला अपुरं वाटतं, आणि गांधीजींनाही ते पुरेसं वाटलं नसतं. कारण १९२२ ला तेही अहिंसावादीच होते, आणि तरी ब्रूमफील्डांपुढे उभं राहून त्यांनी चौरीचौऱ्याची आणि मुंबईच्या दंग्यांची जबाबदारी स्वतःवर घेतली होती. मी आगीशी खेळतोय हे मला माहीत होतं, असं ते म्हणाले होते. मग एकवीस वर्षांनी तोच माणूस जबाबदारी का नाकारतो? म्हातारपणी कच खाल्ली? की सोयीचं बोलला?

मला उत्तर दिसतं ते लगामात. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यात बावीस पोलीस मारले गेले तेव्हा गांधीजी मोकळे होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचत होती, त्यांचा शब्द देशापर्यंत पोचत होता. आठवड्याभरात बारडोलीला त्यांनी सगळं आंदोलन थांबवलं. जवळचे सहकारी रागावले, तुरुंगातून नाराजीची पत्रं आली, तरी थांबवलं. म्हणून जे घडलं त्याची जबाबदारी घेणं त्यांना प्रामाणिक वाटलं. घोडा त्यांचा होता, लगाम त्यांच्या हातात होता.

१९४२ ला घोडा निघायच्या आधीच सरकारनं स्वाराला खाली ओढलं. ९ ऑगस्टनंतर गांधीजींचा एकही शब्द लोकांपर्यंत पोचत नव्हता. सुरुवातीला तर त्यांना वर्तमानपत्रंही मिळत नव्हती. जो एक माणूस उभा राहून ‘थांबा’ म्हणू शकत होता आणि ज्यानं तसं म्हणून दाखवलं होतं, त्यालाच आत टाकायचं, वर त्याचे सगळे सहकारी उचलायचे, आणि मग विचारायचं की तुम्ही लोकांना का थांबवलं नाहीत? जानेवारी १९४३ मध्ये त्यांनी लिनलिथगोंना हेच कळवलं: ९ ऑगस्टनंतरच्या घटनांचं मला दुःखच आहे, पण ज्यांच्यावर माझा ताबा नाही आणि ज्यांची एकाच बाजूची हकीकत माझ्यापर्यंत येते, त्यांच्यावर मी मत काय देऊ? सरकारला हवी होती ती निंदा. लोकांच्या हिंसेचा निषेध तेवढा लिहून द्या, सरकारी हिंसेबद्दल बोलू नका. तशा एकतर्फी निषेधाला त्यांनी नकार दिला, आणि तो बरोबर होता असं माझं ठाम मत आहे.

विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीत आणि चिमूरमध्ये जमाव चालून गेला, गोळीबार झाला, लोक मेले, आणि जमावानं सरकारी माणसांनाही ठार केलं. ते कृत्य भयंकर होतं. पण त्यानंतर चिमूरमध्ये फौज शिरली आणि तिथल्या बायकांवर जे अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या, त्यांची साधी चौकशी करा एवढं मागण्यासाठी गांधीजींचे आश्रमातले सहकारी भणसाळी यांना त्रेसष्ट दिवस उपाशी राहावं लागलं. त्या उपोषणाच्या बातम्या छापायलाही सरकारनं आडकाठी केली. इथे हिंसा कुणी सुरू केली, कुणी वाढवली, कुणाची किती, हे ठरवायला न्यायमंडळच हवं होतं. पुस्तिकेनं ते ठरत नाही.

तरीही गांधीजींच्या उत्तरात एक जागा अशी आहे जिथे मी अडखळतो. ८ ऑगस्टच्या ठरावातच म्हटलं होतं की सूचना देणं अशक्य होईल अशी वेळ येऊ शकते. तेव्हा प्रत्येक स्त्री-पुरुषानं दिलेल्या सर्वसाधारण सूचनांच्या चौकटीत राहून स्वतःच्या विचारानं वागावं. म्हणजे आपल्याला पकडतील, लगाम हातातून जाईल, याचा अंदाज होता. अंदाज असूनही करोडो लोकांना, ज्यांची अहिंसेची तालीम झालेली नव्हती अशांना, तुमचे तुम्हीच पुढारी असं सांगणं जोखमीचं होतं. त्याच ठरावात अहिंसा हा चळवळीचा पाया असल्याचं लिहिलं होतं हे खरं. पण वडील माणूस बाहेरगावी जाताना ‘नीट वागा’ सांगून जातो, तेवढ्यानं घर सुरक्षित राहतंच असं नाही.

गांधीजींना ही जागा दिसत नव्हती असंही नाही. पुस्तिकेत गांधीजींचे सहकारी किशोरलाल मश्रूवाला यांचा, गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकातला मजकूर दिला होता. जीवितहानी न करता रूळ, पूल, तारा निकामी करायला हरकत नाही, असा त्याचा आशय होता. मश्रूवाला म्हणजे अहिंसेच्या बाबतीत भल्याभल्यांहून काटेकोर माणूस. गांधीजी सहज म्हणू शकले असते की मी तुरुंगात होतो, मला काय माहीत. ते तसं म्हणाले नाहीत. या विषयावर आमची चर्चा होत असे, त्यांनी माझ्या तोंडून ती ऐकली असेल, हे त्यांनी मान्य केलं. तत्त्वतः असं कृत्य अहिंसेत बसू शकेल, पण सर्वसामान्य जनतेकडून ते हिंसेविना पार पडेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही, म्हणून मी त्याचा पुरस्कार करणार नाही, असं त्यांनी लिहिलं. आपल्या बाजूला अडचणीची ठरणारी गोष्ट शत्रूच्या हातात स्वतःहून ठेवणारा हा परिच्छेद माझ्या मते त्या सगळ्या उत्तरातला सगळ्यात मोलाचा आहे. ज्याला फक्त सुटायचं असतं तो असं लिहीत नाही.

म्हणून माझा निर्णय असा: चिथावणीचा आणि कटाचा आरोप सिद्ध झालेला नाही. जोखीम पुरेशी न जोखल्याचा दोष मात्र गांधीजींवर आणि कार्यकारिणीवर येतो, आणि तो मोकळेपणानं त्यांच्यावर ठेवावा. त्या माणसानंच आपल्याला तसं करायला सांगितलं होतं.

त्या उत्तराचं पुढे काय झालं? १४ ऑक्टोबर १९४३ ला सरकारचं पत्र आलं. सरकारचं मत तसूभर हललं नव्हतं. उत्तर छापायची परवानगी नाही. त्याआधी मे महिन्यात गांधीजींनी जिनांना लिहिलेलं पत्र सरकारनं अडवलं होतं. लंडनच्या लॉर्ड्स सभागृहात लॉर्ड सॅम्युएल यांनी काँग्रेसवर टीका केली, तिचा खुलासा करणारं पत्रही अडवलं होतं. म्हणजे टीका समुद्र ओलांडून आगाखान पॅलेसपर्यंत येत होती, उत्तर त्या फाटकाबाहेर पडत नव्हतं. सप्टेंबरच्या अखेरीस, लिनलिथगो परत निघाले तेव्हा, गांधीजींनी त्यांना लिहिलं की आजवर ओळखलेल्या बड्या अधिकाऱ्यांत तुमच्याइतकं दुःख मला कुणीच दिलं नाही, कारण ज्याला एकदा मित्र मानलंत त्याच्याबद्दलच्या असत्याला तुम्ही आश्रय दिलात. फेब्रुवारीत कस्तुरबा त्याच वाड्यात गेल्या. मे १९४४ मध्ये गांधीजींना आजारपणामुळे सोडलं. न्यायमंडळाचा विषय सरकारनं पुन्हा काढला नाही.

हा सगळा परक्यांच्या राज्यातला मामला म्हणून बाजूला ठेवता आला असता तर किती बरं झालं असतं. ज्या आठवड्यांत गांधीजी ती पुस्तिका वाचत होते, त्याच काळात, २२ एप्रिल १९४३ ला, फेडरल कोर्टानं, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयानं, केशव तळपदे यांच्या खटल्यात निकाल दिला की ज्या नियमाखाली लोकांना बिनचौकशी स्थानबद्ध केलं जातंय तो नियमच कायद्याला धरून नाही. सरकारनं काही दिवसांतच वटहुकूम काढून तो मागच्या तारखेपासून कायदेशीर करून घेतला. त्या वेळी अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद, पंत बिनखटल्याचे बसले होते. त्यांचं राज्य आलं, संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झालं, आणि फेब्रुवारी संपायच्या आत संसदेनं प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. विधेयक मांडलं खुद्द पटेलांनी.

संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात एक गोष्ट मात्र होती, जी आगाखान पॅलेसमध्ये नव्हती: स्थानबद्ध माणसाला कारणं कळवावी लागतील आणि त्याला आपलं म्हणणं मांडायची लवकरात लवकर संधी द्यावी लागेल. तरी नव्या कायद्याच्या १४ व्या कलमानं सांगितलं की ही कारणं आणि त्यावरचं आपलं निवेदन त्या माणसानं न्यायालयापुढेसुद्धा उघड करायचं नाही. म्हणजे आरोप कळेल, उत्तरही लिहिता येईल, पण ते पुन्हा सरकारच्याच फाइलला लागेल. मद्रासच्या तुरुंगातून कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी या कायद्याला आव्हान दिलं. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १४ वं कलम रद्द केलं. बाकीचा कायदा वैध ठरला आणि गोपालन यांचा अर्ज फेटाळला गेला.